सत्तर किलोंचा रिटर्नर

अ‍ॅशबर्नमधल्या एका मराठी घरात गेल्या उन्हाळ्यात वाद पेटला आणि तो अजून मिटलेला नाही. विषय तेरा वर्षांच्या मुलाचा. त्याला शाळेच्या संघातून अमेरिकन फुटबॉल खेळायचा आहे, आणि त्यातही फेकलेला चेंडू झेलणारा रिसीव्हर आणि समोरच्यांची किक झेलून उलट पळणारा किक रिटर्नर व्हायचं आहे. एरवी अशा वेळी आजोबा नको म्हणतात आणि आई पोराची बाजू घेते. इथे उलटं झालं. आजोबा सांगली जिल्ह्यातले, निवृत्त क्रीडाशिक्षक, कबड्डीच्या मैदानावर केस पांढरे केलेले. ते नातवाच्या बाजूने उभे राहिले. आई फिजिओथेरपिस्ट. दुखावलेले गुडघे आणि निखळलेले खांदे रोज तिच्या हाताखालून जातात. ती ठाम विरोधात.

गावच असं की हा विषय टाळता येत नाही. व्हर्जिनियातल्या लाउडन काउंटीतलं अ‍ॅशबर्न एकीकडे डेटा सेंटरच्या अवाढव्य इमारतींसाठी ओळखलं जातं, तर दुसरीकडे वॉशिंग्टन कमांडर्स या व्यावसायिक संघाचं सरावकेंद्र 1992 पासून इथेच आहे. इथल्या ब्रायर वुड्स हायस्कूलने 2010, 2011 आणि 2012 अशी सलग तीन वर्षं राज्य विजेतेपद मिळवलं. त्या संघाचा क्वार्टरबॅक ट्रेस मॅकसोर्ली पुढे पेन स्टेट विद्यापीठाकडून खेळला आणि एनएफएल या व्यावसायिक लीगपर्यंत पोचला. नोकरीसाठी पुण्याहून किंवा साताऱ्याहून इथे आलेल्या घरांतली मुलं या हवेत वाढतात. त्यांना क्रिकेट आवडतं, पण वर्गात शुक्रवारी संध्याकाळच्या फुटबॉलची चर्चा असते.

कमांडर्सचं उन्हाळी शिबिर काही दिवस प्रेक्षकांना खुलं असतं. आजोबा नातवाबरोबर गेले, तिथे त्यांची नजर एका कोपऱ्यातल्या सरावावर खिळली. फिरत्या चाकांचं यंत्र चेंडू उंच आकाशात फेकत होतं आणि रिटर्नर खाली उभे राहून तो झेलत होते. पहिला चेंडू झेलला की तो काखेत दाबून दुसरा झेलायचा, दुसरा दाबून तिसरा. हात भरलेले असतानाही नजर वर आणि पाय खाली हलते. लांबट चेंडू हवेत गिरकी घेतो, टोक वळलं की शेवटच्या क्षणी दिशा बदलतो. ज्याचे कोपर अंगाशी चिकटलेले नसतात, त्याच्या छातीवर आपटून तो उडतो.

घरी आल्यावर आजोबांनी निकाल देऊन टाकला. "ही चढाईच आहे गं. एकटा माणूस, समोर अख्खा संघ, आणि परत येण्याची घाई. फरक इतकाच, की आमच्याकडे समोर सात असतात आणि इथे अकरा."

"बाबा, फरक इतकाच नाही," लेक म्हणाली. "चढाईपटू मध्यरेषा ओलांडून जातो तेव्हा बचाव करणारे जागेवर असतात. तुमचं सगळं मैदान तेरा मीटर लांब. इथे वर्षानुवर्षं काय चालायचं? दहा जण पन्नास-साठ यार्ड पूर्ण वेगाने पळत यायचे आणि त्यांच्यासमोर तितक्याच वेगाने हा निघायचा. पकड आणि टक्कर एकच समजू नका."

तिचा मुद्दा बिनतोड होता आणि आजोबांनाही तो कळला, कारण ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी नातवाकडून ऐकलेलं नाव काढलं, ब्रँडन बँक्स. पुढचा सगळा वाद या एका माणसाच्या कारकिर्दीभोवती फिरला, आणि ते योग्यच झालं. रिटर्नरच्या धंद्यात काय मिळतं आणि काय जातं हे त्या कारकिर्दीत जितकं उघडं दिसतं, तितकं मोठ्या नावांच्या कारकिर्दीत दिसत नाही.

बँक्स उत्तर कॅरोलायनातला. कॅन्सस स्टेट विद्यापीठाकडून खेळला. उंची पाच फूट सात इंच, वजन सत्तर किलोंच्याही आत. 2010 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल संघांच्या खेळाडू-निवडीत, सात फेऱ्या झाल्या आणि एकाही संघाने त्याचं नाव पुकारलं नाही. वॉशिंग्टनने त्याला ड्राफ्टबाहेरचा खेळाडू म्हणून करारावर घेतलं आणि तो अ‍ॅशबर्नच्या त्याच हिरवळीवर आला. एवढ्या अंगाचा माणूस नव्वद-शंभर किलोंच्या बचावपटूंमध्ये रिसीव्हर म्हणून टिकणार नाही, हे तेव्हा सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. पण त्याच्या पायात जे होतं ते शिकवून येत नाही. त्या वर्षी 31 ऑक्टोबरला डेट्रॉइटमध्ये त्याने किकऑफ, म्हणजे खेळ सुरू करणारी किक, झेलला आणि 96 यार्ड पळत जाऊन टचडाउन केला. वॉशिंग्टन तो सामना हरला, पण बँक्सची एनएफएलमधली जागा झाली.

"हेच मी म्हणतो," आजोबा पुढे सरसावले. "मापात बसत नाही म्हणून ज्याला कुणी घेत नाही, त्याला आत येण्याचं हे दार आहे. माझ्याकडे अशी किती पोरं आली. काटकुळी, बुटकी. पकडीत उभी राहायची नाहीत, पण चढाईला सोडली की बोनस घेऊन यायची. आपल्याकडे निदान वजनाची मर्यादा असते. वरिष्ठ गटात 85 किलो, त्याच्या वर नाही. इथे मर्यादाच नाही. मग बारक्या पोरानं जायचं कुठं? तो बँक्स रिटर्नर झाला नसता तर त्याला कुणी पाहिलाही नसता."

"आणि त्याच महिन्यात काय झालं तेही सांगते," लेक म्हणाली. "16 ऑक्टोबर 2010. रटगर्स विद्यापीठाचा एरिक लग्रँड. किकऑफनंतर रिटर्नरला अडवायला धावत गेला, टक्कर झाली, मानेच्या मणक्याला मार बसला आणि शरीर लुळं पडलं. तुमचा बँक्स 96 यार्ड पळाला त्याच्या पंधरा दिवस आधी. 2007 मध्ये बफलोच्या केव्हिन एव्हरेटचं हेच झालं होतं. समोर डेन्व्हरचा डॉमनिक हिक्सन होता, तोही रिसीव्हर आणि रिटर्नर. एव्हरेट नंतर चालू लागला, पण त्याचं खेळणं तिथेच संपलं. बाबा, तुम्ही फक्त चेंडू घेऊन पळणाऱ्याकडे बघता. त्याला अडवायला येणारेही बहुतेक असेच असतात. संघात जागा टिकवायची म्हणून जिवावर उदार झालेले. दार एकच आणि दोन्ही बाजूंनी गर्दी."

लेकीचं हे वाक्य फार महत्त्वाचं आहे. एनएफएलमध्ये शिबिराला नव्वद खेळाडू येतात आणि हंगामाला त्रेपन्न उरतात. ज्याची जागा पक्की आहे असा नावाजलेला खेळाडू सहसा किकऑफला मैदानात नसतो. त्या एका खेळीत दोन्हीकडून जे बावीस जण उतरतात, त्यांतले बरेच यादीच्या तळाशी असतात. तीन हंगाम भरले तर पेन्शनचा हक्क लागू होतो, नाहीतर नाही. खेळातली सर्वांत वेगवान टक्कर ज्यांना नाही म्हणणं परवडत नाही अशांच्या वाट्याला यायची, आणि त्यांच्या धाडसाचं कौतुक करताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

लेकीकडे आकडेही होते. आयव्ही लीगच्या विद्यापीठांनी 2016 मध्ये किकऑफची जागा 35 यार्डांवरून 40 वर नेली, म्हणजे बहुतेक चेंडू थेट मैदानाच्या टोकाच्या एंड झोनमध्ये जावेत आणि परत पळणं कमी व्हावं. त्याआधीच्या हंगामात एकूण खेळींमध्ये किकऑफचं प्रमाण जेमतेम 6 टक्के होतं, पण मेंदूला बसलेल्या धक्क्यांपैकी 21 टक्के किकऑफला बसले होते. बदलानंतर दर हजार किकऑफमागे हे धक्के जवळपास 11 वरून 2 वर आले. बॉस्टन विद्यापीठाने एनएफएलच्या 111 माजी खेळाडूंचे मेंदू तपासून 2017 मध्ये निष्कर्ष जाहीर केले. त्यांतल्या 110 मध्ये सीटीई हा झीज होण्याचा आजार सापडला. "ते मेंदू बहुतेक आधीपासून त्रास असलेल्यांच्या घरच्यांनी दिलेले होते, त्यामुळे सगळ्याच खेळाडूंना हे होतं असं मी म्हणणार नाही," हेही तिने प्रामाणिकपणे सांगितलं. "पण एवढं कळल्यावर मी पोराला हेल्मेट घालून पाठवू?"

आजोबांनी विचारलं, "मग नियम बदलले का नाहीत?"

बदलले, आणि त्या बदलाचा फटका बँक्ससारख्या रिटर्नरनाच बसला. 2011 पासून एनएफएलने किकऑफ 30 ऐवजी 35 यार्डांच्या रेषेवरून मारायला लावला. आदल्या वर्षी साधारण सहांतली एक किक टचबॅक ठरत होती, म्हणजे चेंडू एंड झोनमध्येच थांबायचा आणि रिटर्न व्हायचाच नाही. पाच यार्डांच्या बदलाने ते प्रमाण एका हंगामात पाचांत दोनच्या वर गेलं. ज्याच्या पोटाचा आधार केवळ रिटर्न होता, त्याच्या हातातलं बरंच काम अशा रीतीने गेलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत वॉशिंग्टनमधल्या एका नाइटक्लबबाहेर बँक्सवर चाकूहल्ला झाला होता. तो त्यातून उठून परत आला. पण 2012 नंतर वॉशिंग्टनने त्याला ठेवलं नाही. तीन हंगामांत रिसीव्हर म्हणून त्याच्या वाट्याला मोजकेच चेंडू आले होते.

"बघा," लेक म्हणाली. "दार दार म्हणता, ते बंद व्हायला तीन वर्षं लागली. हातात काय राहिलं?"

"कॅनडा राहिला की!" आजोबा म्हणाले. नातवाने त्यांना इथवर पढवून ठेवलं होतं.

आजोबांचा सर्वांत भक्कम मुद्दा या टप्प्यावर आला, कारण इथे ते धाडस सोडून नियमांवर बोलू लागले. कॅनडाच्या लीगमध्ये मैदान 110 यार्ड लांब आणि 65 यार्ड रुंद असतं, अमेरिकेपेक्षा सुमारे बारा यार्ड अधिक रुंद. खेळाडू अकराऐवजी बारा. पंट, म्हणजे हातातून सोडून लांब मारलेली किक, झेलताना एनएफएलमध्ये रिटर्नर हात हलवून फेअर कॅच मागू शकतो, मग त्याला कुणी हात लावायचा नाही, पण त्यालाही पळता येत नाही. हात हलवला नाही तर चेंडू हातात पडताक्षणी धडक बसू शकते. कॅनडात फेअर कॅच नाहीच. त्याऐवजी चेंडू झेलेपर्यंत समोरच्यांनी रिटर्नरपासून पाच यार्ड लांब राहायचं, नाहीतर दंड. म्हणजे जवळजवळ प्रत्येक पंटवर पळण्याची संधी, आणि चेंडू झेलण्याच्या असहाय क्षणी भोवती मोकळी जागा.

"आता तूच सांग," आजोबा म्हणाले, "पोराच्या जिवाला धोका रिटर्नरच्या कामात आहे, की ज्याने नियम लिहिला त्याच्या लेखणीत?"

लेकीला उत्तर लगेच सुचलं नाही. ती इतकंच म्हणाली, "पाच यार्डांनी टक्कर थांबत नाही, बाबा. थोडी उशिरा होते." हेही खरं आहे. पण कॅनडात बँक्सचं जे झालं ते पाहिलं तर आजोबांचं पारडं जड होतं.

बँक्स 2013 मध्ये हॅमिल्टन टायगर-कॅट्समध्ये दाखल झाला. त्या वर्षी संघ ग्रे कपच्या, म्हणजे कॅनडाच्या लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम सामन्यात सस्कॅचेवानकडून हरला. पुढच्या वर्षी मॉन्ट्रियलविरुद्धच्या पूर्व विभागाच्या निर्णायक सामन्यात त्याने दोन पंट परत आणून टचडाउन केले. मग आला व्हँकुव्हरमधला अंतिम सामना. कॅल्गरी 20, हॅमिल्टन 16, शेवटचं मिनिट. पंट उंच आला, बँक्सने तो झेलला, एकाला चकवलं, मग मोकळी पट्टी दिसली आणि तो 90 यार्ड पळत थेट शेवटच्या रेषेपलीकडे गेला. हॅमिल्टनच्या बाकावरून माणसं मैदानात धावली. तेवढ्यात हिरवळीवर पडलेला दंडाचा नारिंगी रुमाल दिसला. मागे त्याच्या एका साथीदाराने समोरच्याला नियमबाह्य अडवलं होतं. टचडाउन रद्द, कप कॅल्गरीला.

आजोबांच्या डोळ्यांत हे सांगताना पाणी आलं असं लेक म्हणते. त्यांनाही त्यांच्या पोरांचे असे निर्णय आठवत असणार. शेवटच्या चढाईत गुण आणलेला, आणि पंचाने सांगितलेलं की पाय आधीच रेषेबाहेर होता. रिटर्नरचं आयुष्य साथीदारांच्या हातात असतं हे या एका खेळीत जेवढं दिसलं, तेवढं दहा लेख लिहून पटवता येणार नाही.

पण बँक्सची गोष्ट तिथे संपली नाही. 2017 च्या हंगामात हॅमिल्टन सलग आठ सामने हरल्यावर जून जोन्स मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्यांनी बँक्सला पूर्णवेळ रिसीव्हर म्हणून वापरायला सुरुवात केली. तेव्हा तो तिशीच्या उंबरठ्यावर होता. ज्याला एनएफएलमध्ये आठवड्याला एक-दोन चेंडूही मिळत नव्हते, त्याने त्या वर्षी हजार यार्डांचा टप्पा ओलांडला. 2018 मध्ये 94 झेल घेतले. 2019 मध्ये 112 झेल, 1,550 यार्ड, 13 टचडाउन, आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू हा किताब. रुंद मैदान हे एक कारण होतंच. दुसरं असं, की वर्षानुवर्षं अकरा-बारा जणांच्या गर्दीतून फट शोधत पळालेल्या माणसाला मोकळ्या जागेत दोन बचावपटूंचं काय करायचं हे आधीच माहीत असतं.

"म्हणजे तो मोठा झाला तो रिटर्नरचं काम कमी केल्यावर," लेकीने बरोबर पकडलं.

"आणि त्या कामाशिवाय तिथवर पोचला असता का?" आजोबांनी तितक्याच चपळाईने सुटका करून घेतली.

दोघंही खरं बोलत होते. ग्रे कपसाठी मात्र बँक्सला आणखी थांबावं लागलं. 2019 मध्ये विनिपेगकडून हार, 2021 मध्ये घरच्याच मैदानावर जादा वेळेत पुन्हा विनिपेगकडून हार. मग तो टोरॉन्टोला गेला आणि नोव्हेंबर 2022 मध्ये रिजायनात टोरॉन्टोने विनिपेगला 24-23 असं हरवलं. पाचव्या अंतिम सामन्यात कप हाती आला.

आजोबांनी ब्रायन मिचेलचंही नाव घेतलं. वॉशिंग्टनमध्ये ते घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. 1990 ते 1999 वॉशिंग्टन, मग फिलाडेल्फिया, मग न्यूयॉर्क जायंट्स. किकऑफ आणि पंट मिळून 19,013 यार्ड परत पळाला, एनएफएलमध्ये कुणाहीपेक्षा जास्त. कॉलेजात तो क्वार्टरबॅक होता. 2000 साली डिऑन सँडर्स येताच त्याला मोकळं केलं गेलं. इतक्या यार्डांनंतरही रिटर्नरला दुय्यमच समजलं गेलं. केवळ रिटर्नर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेळाडूला हॉल ऑफ फेममध्ये पहिल्यांदा जागा मिळाली ती 2024 मध्ये, डेव्हिन हेस्टरला.

ते 2024 साल आणखी एका कारणासाठी महत्त्वाचं ठरलं. त्या वर्षीच्या फेब्रुवारीतल्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, एकही किकऑफ परत पळवला गेला नव्हता. सगळ्या किक टचबॅक. खेळ सुरक्षित झाला होता, पण एक अख्खी खेळी मेल्यात जमा होती. तेव्हा लीगने नवा किकऑफ आणला. किक मारणाऱ्या संघाचे दहा जण आता लांबून पळत येत नाहीत. ते समोरच्यांपासून पाच-दहा यार्डांवर उभे राहतात आणि चेंडू जमिनीला किंवा रिटर्नरच्या हाताला लागेपर्यंत दोन्ही रांगांतल्या कुणीही हलायचं नाही. लांब पळतीची टक्कर काढून टाकली, पळणं ठेवलं.

"हे तर कबड्डीच्या जवळ आलं," आजोबा खूश झाले.

लेकीने त्यांना 24 नोव्हेंबर 2024 चा सामना दाखवला. वॉशिंग्टन विरुद्ध डॅलस, नव्याच नियमांखाली. डॅलसचा कॅव्हॉन्टे टर्पिन, तोही ड्राफ्टमध्ये न निवडला गेलेला, सत्तर किलोंच्या आसपासचा, मध्यंतरी पोलंडमधल्या संघाकडून खेळून आलेला. चेंडू त्याच्या हातातून निसटला, त्याने तो सावरला, जागच्या जागी गिरकी घेतली आणि 99 यार्ड पळाला. त्याच सामन्यात वॉशिंग्टनचा ऑस्टिन एकलर, तोही ड्राफ्टबाहेरून आलेला, किकऑफ घेऊन पळताना डोक्याला मार बसून बाहेर गेला. डॅलसने सामना 34-26 असा जिंकला.

"एकाच दुपारी दोघं," लेक म्हणाली. "तुम्ही टर्पिन बघा, मला एकलर दिसतो. माझ्याकडे टर्पिन येतच नाहीत, बाबा. एकलर येतात."

या वाक्यावर आजोबांचा आवाज उतरला. ते म्हणाले, त्यांच्याकडूनही शिकून गेलेल्या पोरांपैकी काहींचे गुडघे पस्तिशीत गेले आणि त्यांच्या आया त्यांना बाजारात भेटत. कबड्डीत आता पैसा आला हे खरं, कोल्हापूरच्या चंदगड भागातला सिद्धार्थ देसाई 2019 च्या लिलावात 1 कोटी 45 लाखांना गेला. पण त्यांच्या काळात गुडघ्याच्या बदल्यात फार तर पोलिसात किंवा रेल्वेत नोकरी मिळायची. "तरी ती नोकरी त्या पोरांना दुसऱ्या कशाने मिळाली नसती," ते म्हणाले. "पण तुझ्या पोराला नोकरीसाठी टक्कर घ्यावी लागणार नाही, हे मला मान्य आहे."

या वादातलं सर्वांत मोठं कबुलीचं वाक्य हेच. बँक्सला दुसरं दार नव्हतं. अ‍ॅशबर्नच्या या मुलापुढे दारं पुष्कळ आहेत. एकाच कामाचा धोका दोन मुलांसाठी सारखा नसतो, आणि ते काम कुणी करावं याचं उत्तरही सारखं असू शकत नाही.

लेकीने मग आपला पर्याय मांडला. फ्लॅग फुटबॉल. कमरेला दोन पट्ट्या, चेंडू घेऊन पळणाऱ्याची त्यांतली एक ओढली की ती खेळी संपली. टॅकल नाही आणि किकऑफही नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन मुंबईत भरलं होतं, तिथे क्रिकेटबरोबर फ्लॅग फुटबॉललाही 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये घेण्याचा निर्णय झाला. "आपल्या मुंबईत ठरलंय," तिने मुद्दाम ठसवून सांगितलं. "पाच-पाच जणांचा संघ. बारीक, चपळ पोराला पहिली पसंती. तुम्हाला हवं तेच दार, फक्त टक्कर नाही."

"आणि किकऑफ नाही म्हणजे एकट्याची चढाईही नाही," आजोबा म्हणाले.

"रिसीव्हर आहे ना."

"पकडीशिवाय पळणं पाहिलंय मी. पोरं वाकायला शिकत नाहीत." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "पट्टी ओढताना हात कुठल्या बाजूने घालतात?"

लेकीने दाखवलं. आजोबांनी दोनदा करून पाहिलं आणि म्हणाले, हे तर कोपरारक्षकाच्या घोट्याच्या पकडीसारखंच आहे, फक्त कमरेला. मग त्यांनी नातवाला हाक मारली आणि अंगणात उभं करून विचारलं, की समोरचा डावा पाय पुढे टाकतो तेव्हा तू कुठे बघतोस. मुलगा म्हणाला, चेहऱ्याकडे. "चुकीचं," आजोबा म्हणाले. "कमरेकडे बघ. चेहरा फसवतो."

नोंदणीचा अर्ज अजून भरलेला नाही. टॅकल की फ्लॅग, हे त्या घरात ठरायचं आहे.